असा शब्द सापडला नाही

इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाची संपादक केतकी हिने जूनमध्येच फोन केला. "काळेकाका, या वर्षी तुमच्या जॉबवर लिहा ना. आता रिटायर झालात, टाइम आहे." मी हो म्हटलं. ती जरा घुटमळली आणि म्हणाली, "पण काका, सॉरी हं, तुमचा जॉब एग्झॅक्टली काय होता?"

तिचं काही चुकलं नाही. सत्तावीस वर्षं मी हा प्रश्न ऐकतोय आणि सत्तावीस वर्षं माझं उत्तर फसतंय. सासूबाईंना पहिल्यांदा सांगितलं होतं की मी अक्षरांना नंबर देतो. त्यांनी अख्ख्या सदाशिव पेठेत सांगितलं की जावई अमेरिकेत गाड्यांच्या नंबरप्लेटा रंगवतो. पुढे कितीतरी वर्षं पुण्याला गेलो की कुणी ना कुणी सहानुभूतीने माझ्या पाठीवर हात ठेवायचं.

रेडमंडला राहतो म्हटलं की लोकांना वाटतं मी तिथल्या त्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत असणार. मी तिथे कधीच नव्हतो. आमची कंपनी म्हणजे दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या चार खोल्या, नऊ माणसं आणि एक कुरकुरणारं कॉफी मशीन. खाली ड्रिल सुरू झालं की वर मीटिंग थांबायची. ज्या लिप्या थोडी माणसं लिहितात, त्या लिप्यांसाठी फॉन्ट, कीबोर्ड आणि शब्द शोधायची सोय बनवून देणं हा आमचा धंदा.

आता नंबरांचं सांगतो. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, फक्त आकडा कळतो. म्हणून जगातल्या प्रत्येक अक्षराला एक नंबर दिलेला असतो, शाळेच्या हजेरीपटासारखा. 'क'चा एक नंबर, 'ख'चा त्याच्या पुढचा. तुम्ही 'क' दाबलात की मशीन नंबर लिहून ठेवतं, आणि दाखवायची वेळ आली की फॉन्टमध्ये त्या नंबरचं चित्र शोधतं. सापडलं तर अक्षर दिसतं. नाही सापडलं तर एक रिकामा चौकोन दिसतो. या चौकोनाला आमच्या धंद्यात टोफू म्हणतात, तसाच पांढरा, चौकोनी आणि बेचव म्हणून.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी घरी येऊन बायकोला, वसुधाला, कौतुकाने सांगितलं, "आज ऑफिसात तीनशे टोफू निघाले." ती म्हणाली, "अहो, मग मी डब्यात दिलेले पोहे कुणी खाल्ले?"

त्यात माझं आडनाव काळे. ते इंग्रजीत लिहिलं की इथले लोक वाचतात केल, म्हणजे इथली ती आरोग्याला चांगली आणि चवीला वाईट असलेली पालेभाजी. सुरुवातीला मी दुरुस्त करायचो. मग माझ्या लक्षात आलं की दुरुस्त करून समोरचा 'कॅली' म्हणतो, नाहीतर 'काली', आणि त्यापेक्षा पालेभाजी बरी. माझा बॉस डग मला आणि माझ्या टोफूंना मिळून सॅलड म्हणायचा. मी हसायचो. नव्या देशात माणूस कशाकशाला हसतो याची यादी केली तर वेगळा लेख होईल.

चौकोनांवरून आठवलं. एकदा एक तरुण दाढीवाला माणूस थेट ऑफिसात आला. बाही वर केली. हातावर सुबक गोंदवलेले चार चौकोन. मैत्रिणीचं नाव एका जुन्या लिपीत गोंदवायचं म्हणून त्याने कुठल्याशा वेबसाइटवरून ते कॉपी करून दुकानात मेल केलं होतं. गोंदवणाऱ्याच्या मशीनवर फॉन्ट नव्हता, त्याला दिसले चार चौकोन. प्रामाणिक माणूस, त्याने चारही गोंदवले, कोपरेसुद्धा झकास काढले. "याचा अर्थ तिचंच नाव होतो ना?" दाढीवाल्याने विचारलं. मी म्हटलं, "मशीनच्या दृष्टीने कुणाचंही नाव होतं." तो समाधानाने गेला. यात मी खोटं काही बोललो नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. एके दिवशी डग माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, चेरोकी लिपीचं काम आलंय, ते तू घे. मी विचारलं, मीच का? तो म्हणाला, "ती लिपी सिलॅबिक आहे. तुमचंही तसंच काहीतरी असतं ना?"

तसंच काहीतरी. देवनागरीत 'दुसऱ्या'तला तो अर्धा र नीट बसवायला मी आयुष्याची दोन वर्षं घातली होती, आणि हा म्हणे तसंच काहीतरी. पण लिपी उघडून बघितली आणि माझा राग पळाला. चेरोकी हे इथल्या मूळ रहिवाशांपैकी एक मोठं कूळ, आणि त्यांची लिपी म्हणजे अक्षरशः सुटी केलेली बाराखडी. 'ग'ला एक अक्षर, 'गे'ला पूर्ण वेगळं, 'गी'ला आणखी वेगळं. काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही, रफार नाही. पंच्याऐंशी अक्षरं पाठ केली की वाचता येतं, विषय संपला. जोडाक्षरांनी केस पिकलेल्या माणसाला ही लिपी म्हणजे सुट्टीवर पाठवल्यासारखी वाटली.

एकच गंमत होती. त्यातली बरीच अक्षरं इंग्रजीसारखी दिसतात, पण उच्चार भलताच. इंग्रजी डीसारखं दिसतं तो 'अ'. डब्ल्यूसारखं दिसतं तो 'ला'. एचसारखं दिसतं ते 'मी', आणि झेडसारखं दिसतं ते 'नो'. ज्या माणसाने ही लिपी घडवली त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्याने इंग्रजीचे आकार पाहिले आणि म्हटलं, आकार ठीक आहेत, आवाज माझे घालतो. मला हा माणूस फार आवडला. आपण गेली दोनशे वर्षं नेमकं उलटं करतोय.

या कामामुळे लोरीनबाई माझ्या आयुष्यात आल्या. ओक्लाहोमाच्या पूर्वेकडच्या एका लहान गावात राहणाऱ्या, ऐंशीच्या घरातल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. चेरोकी ही त्यांची घरची भाषा. मनातल्या मनात मी त्यांना बाई म्हणायचो, कारण फोनवर बोलताना मी आपोआप खुर्चीत ताठ बसायचो. बाई अकरा वर्षं एक शब्दकोश टाइप करत होत्या. गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन एकेक शब्द विचारायचा, वहीत लिहायचा, घरी येऊन आमच्या कीबोर्डवर उतरवायचा. "ज्यांना विचारलं त्यातले निम्मे आता गेले," त्यांनी एकदा सांगितलं. "म्हणून मिस्टर केल, तुमचं मशीन बिघडवू नका. मला त्यांच्याकडे पुन्हा जाता येणार नाही. लवकर जायचंही नाही."

आमचा कीबोर्ड चालत होता, फॉन्ट सुंदर होता, आणि मी जरा जास्तच खूष होतो. मग त्या लिपीत लहान आणि मोठी अक्षरं आली.

म्हणजे असं, की जुन्या छापील पुस्तकांत ती अक्षरं दोन आकारांत असायची, वाक्याचं पहिलं मोठं आणि बाकीची लहान, इंग्रजीसारखं. नंबर देताना आधी प्रत्येक अक्षराला एकच नंबर मिळाला होता. पुढे लोकांच्या मागणीवरून लहान अक्षरांना वेगळे नंबर मिळाले आणि जुने नंबर झाले मोठ्या अक्षरांचे. आम्ही नवा कीबोर्ड काढला, त्यावर साधं बटण दाबलं की लहान अक्षर उमटायचं. आकार तोच, चण थोडी कमी.

इंग्रजीत कॅपिटल ए आणि स्मॉल ए यांचे नंबर वेगळे असतात, पण शोधताना दोन्ही एकच माना असं मशीनला सांगून ठेवलेलं असतं. नाहीतर कॅपिटलमध्ये लिहिलेलं नाव स्मॉलमध्ये शोधलं तर सापडायचंच नाही. आमच्या शोधयंत्रात प्रत्येक लिपीसाठी एक प्रश्न होता: या लिपीत लहानमोठी अक्षरं आहेत का? चेरोकीपुढे मी फार वर्षांपूर्वी लिहिलं होतं, 'नाही.' आणि शेजारी, कुणी शंका घेऊ नये म्हणून, शेरा मारला होता: 'देवनागरीप्रमाणेच. व्ही. काळे.'

लिहिलं तेव्हा ते खरं होतं. लहान अक्षरं आली त्या दिवशी ते खोटं झालं, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. ग्रीक किंवा इंग्रज माणसाने कदाचित पुन्हा तपासलं असतं. मी नागपूरचा, 'क कमळाचा' आणि 'ग गवताचा' असं शिकलेला. अक्षर हे लहान किंवा मोठं असतं ही कल्पनाच माझ्या हाडात नाही.

बाईंनी याबद्दल तीन मेल पाठवले. मला एकही मिळाला नाही. त्यांची अक्षरं इंग्रजीसारखी दिसतात पण इंग्रजी नाहीत, आणि असली अक्षरं वापरून लोकांना गंडवणारे भामटे जगात बरेच आहेत. म्हणून आमच्या मेलच्या पहारेकऱ्याने बाईंना भामट्या ठरवून तिन्ही मेल जंकमध्ये टाकले. तो पहारेकरी बसवताना कसा छान काम करतोय म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होतो.

शेवटी एका शुक्रवारी त्यांचा फोन आला.

"मिस्टर केल, तुमचं मशीन म्हणतं असा शब्द नाही."

"कोणता शब्द?"

"ओसियो."

ओसियो म्हणजे नमस्कार. चेरोकी शिकणारं माणूस पहिला शब्द हाच शिकतं. शब्दकोशात नमस्कार नाही म्हणजे घराला दार नाही म्हटल्यासारखं झालं.

"स्पेलिंग एकदा बघता का?" मी विचारलं.

"मी एकतीस वर्षं हा शब्द फळ्यावर लिहिलाय."

"मशीन रिस्टार्ट केलं?"

"केलं. दोनदा. मध्ये मी पण झोप काढून रिस्टार्ट झाले."

मी माझ्या मशीनवर शोधून बघितलं. ओसियो झटक्यात सापडला. मग मी ते वाक्य बोललो, जे आमच्या धंद्यातला प्रत्येक माणूस बोलतो आणि मरताना ज्याचा पश्चात्ताप करतो. "माझ्याकडे तर चालतंय."

बाईंनी अगदी शांतपणे, वर्गात धडा सांगावा तसं सांगितलं. "मी सहा वर्षांची असताना शाळेत पहिल्या दिवशी टीचरला ओसियो म्हटलं. त्या म्हणाल्या, असा शब्द नाही. मी पुन्हा म्हटलं, तर मला कोपऱ्यात उभं केलं. पुढच्या शनिवारी आमच्या हॉलमध्ये हा शब्दकोश सगळ्यांसाठी उघडायचाय. गावातली पोरं पहिला शब्द हाच टाकणार. तुमचं मशीन त्यांना तेच सांगणार असेल, तर मी ते तिथे ठेवणार नाही. अकरा वर्षं गेली तर गेली. मी माझ्या वह्या ठेवीन."

मी म्हटलं, "मी बघतो." खाली ड्रिल सुरू झालं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला ते माझ्यासाठीच चाललंय असं वाटलं.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. मी फॉन्ट तपासला, कीबोर्ड तपासला, बाईंची फाइल शब्द न् शब्द तपासली. सगळं ठीक. माझ्याकडे सगळं चालत होतं, आणि हेच खरं दुखणं होतं. माझ्या मशीनवर जुनाच कीबोर्ड होता, कारण सवयीचा होता. मी मोठी अक्षरं टाकून मोठी अक्षरं शोधत होतो. बाईंची फाइलही जुन्या कीबोर्डवर केलेली, म्हणजे मोठ्या अक्षरांची. शोधायला मात्र हॉलमधल्या मशीनवर नवा कीबोर्ड होता, लहान अक्षरांचा. हे सगळं मी आता शहाण्यासारखं सांगतोय. त्या शनिवारी मी भैताडासारखा स्क्रीनकडे बघत बसलो होतो.

रविवारी दुपारी वसुधा जेवणाच्या टेबलावर वह्या तपासत होती. आमच्या मंडळाच्या मराठी शाळेत ती दुसरीच्या वर्गाला शिकवते. इथे जन्मलेली मुलं, घरी मराठी कानावर पडतं, उत्तर इंग्रजीत येतं. मी समोर बसून चहा गार करत होतो.

"अहो, हे बघा," ती म्हणाली आणि एक वही माझ्याकडे सरकवली.

मुलीचं नाव रिया. तिने सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'माझे नाव रिया आहे.' फक्त वाक्यातला पहिला 'मा' दोन ओळींएवढा मोठा, आणि 'रिया'मधला 'रि' तर ओळ फोडून वर गेलेला. बाकीची अक्षरं खाली मुकाट्याने उभी.

"हे काय?" मी विचारलं.

"कॅपिटल र," वसुधा म्हणाली. "मी तिला विचारलं, एवढा मोठा का काढलास? तर म्हणते, 'बट मावशी, इट्स माय नेम.' नावाचं पहिलं अक्षर मोठं असतं म्हणे. मी सांगितलं, बाळा, मराठीत मोठं अक्षर नसतं. तर माझ्याकडे अशी बघायला लागली की तिच्याकडून मी काहीतरी काढून घेतलं." तिने लाल पेन उचललं. "आता यावर गोल करू का नको, तेच कळत नाहीये. तिला बिचारीला वाटतं सगळ्यांच्या लिपीत तसंच असतं."

मी हसलो. हसता हसता थांबलो. तिला बिचारीला वाटतं सगळ्यांच्या लिपीत असतं. मला बिचाऱ्याला वाटलं कुणाच्याच लिपीत नसतं.

"काय झालं हो? चेहरा असा का झाला?" वसुधाने विचारलं.

"गोल माझ्यावर कर," मी म्हटलं आणि उठलो.

लॅपटॉप उघडून तो शेरा काढला. 'देवनागरीप्रमाणेच. व्ही. काळे.' स्वतःचं नाव इतकं नकोसं मला कधी वाटलं नव्हतं. 'नाही' खोडलं, 'आहे' लिहिलं, लहानमोठ्या अक्षरांची जोडी लावून दिली. नवा कीबोर्ड घेतला, ओसियो टाकला. सापडला. बिघडवायला एक शब्द लागला होता, दुरुस्त करायला एक शब्द लागला, आणि मधल्या काळात अकरा वर्षांचं काम म्हातारी कचऱ्यात टाकायला निघाली होती. मी पुन्हा टेबलाशी येऊन गार चहा प्यालो. वसुधाने रियाच्या वहीत गोल केला नव्हता. बाजूला लिहिलं होतं, 'छान. पुढच्या वेळी सगळी अक्षरं सारखी काढ.'

सोमवारी डगला सांगितलं. तो चांगला माणूस. म्हणाला, "होतं असं. तिला अपडेटची लिंक पाठव, आणि चूक सिस्टिममध्ये होती असं लिही." आमच्या धंद्यात चूक नेहमी सिस्टिममध्ये असते, माणसात कधीच नसते. मी लिंक पाठवली. संध्याकाळी बाईंचा फोन.

"मिस्टर केल, मी लिंक दाबत नाही."

"पण ती मीच पाठवलीय."

"भामटे असंच म्हणतात. अनोळखी लिंक दाबू नका, हे लायब्ररीत येऊन तुमच्यासारख्याच लोकांनी आम्हाला शिकवलंय. मी सर्टिफिकेट घेतलंय."

आमच्या पहारेकऱ्याने त्यांना भामट्या ठरवलं होतं, आता त्यांनी मला ठरवलं. फिटंफाट झाली. मी घरी येऊन वसुधाला म्हटलं, मी ओक्लाहोमाला जाऊन येतो. ती म्हणाली, "एका शब्दासाठी?" मी म्हटलं, हो. तिने चिवड्याची पिशवी भरून दिली.

टल्साच्या विमानतळावर उतरलो, भाड्याची गाडी घेतली आणि दीड तास ड्राइव्ह करून शनिवारी सकाळी त्या गावात पोचलो. रेडमंडच्या पाऊसभरल्या राखाडी उजेडाची सवय झालेल्या डोळ्यांना तिथलं ऊन बोचत होतं. हॉल आपल्याकडच्या समाजमंदिरासारखाच, मागच्या बाजूला मोठमोठी पातेली, पुढे घडीच्या खुर्च्या. दारात एक बाई नावाचे स्टिकर वाटत होत्या. माझ्या स्टिकरवर इंग्रजीत माझं नाव, म्हणजे पालेभाजीचं. ते छातीवर लावून मी आत गेलो.

लोरीनबाई मला वाटलं होतं त्याच्या निम्म्या उंचीच्या निघाल्या. आवाज मात्र फोनवरचाच. "तुम्ही खरेच आहात तर," त्या म्हणाल्या. मी आधी मशीनवर बसलो आणि दुरुस्ती चढवली. मग बाईंनी माईक माझ्या हातात दिला. हे ठरलं नव्हतं. समोर शंभरेक माणसं, पहिल्या रांगेत काठ्या टेकून बसलेले म्हातारे, ज्यांच्या तोंडचे शब्द त्या शब्दकोशात होते.

विमानात मी एक वाक्य तयार करून ठेवलं होतं, 'सिस्टिममध्ये एक तांत्रिक अडचण आली होती' असं. ते बोलायला तोंड उघडलं आणि बोलवेना. म्हटलं, "चूक माझी होती. मी ज्या लिपीत लिहायला शिकलो तिच्यात लहान आणि मोठं अक्षर नसतं. मला वाटलं तुमच्यातही नसणार. मी विचारलं नाही. सॉरी."

बाईंनी मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे तुमच्याकडे सगळे सारखे? लहानमोठं कुणी नाही?"

"नाही."

"अक्षरांत का माणसांत?"

मी म्हटलं, "अक्षरांत." आणि मग, खरं बोलायचंच ठरवलं होतं म्हणून, "माणसांत आहे. बरंच आहे."

पहिल्या रांगेतले एक आजोबा हसले, मग सगळा हॉल हसला. मला बरं वाटलं.

बाई मशीनपुढे बसल्या. ओसियो, एका बोटाने, तीन अक्षरं. भिंतीवरच्या पडद्यावर शब्द आला, त्याखाली अर्थ, आणि त्याखाली ज्या म्हातारीने तो म्हणून दाखवला होता तिचं नाव. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या पडद्याकडे बघत राहिल्या आणि हाताच्या पाठीने एकदा नाक पुसलं. पोरांनी मशीनला गराडा घातला. आई शोधली, कुत्रा शोधला, मका शोधला, सगळं सापडत होतं. मग त्या हसऱ्या आजोबांनी पोरांना बाजूला सारून एक शब्द टाकला. तोही सापडला. हॉलमधल्या तमाम बायका तोंडावर हात ठेवून हसल्या. अर्थ मला शेवटपर्यंत कुणी सांगितला नाही.

जेवणात घेवड्याची उसळ होती. आनंदाने ताट भरून घेतलं, तेव्हा कळलं की तिच्यात डुकराचं मांस घालायची पद्धत आहे. मी पुरीसारख्या तळलेल्या पोळीबरोबर वसुधाचा चिवडा खाल्ला. तो बघता बघता आठ जणांत संपला. एकेक जण 'वादो, वादो' म्हणत मूठ भरत होता. वादो म्हणजे आभार. धन्यवादातला नुसता वाद त्यांनी घेतला असावा, असं मी वसुधाला नंतर सांगितलं. ती म्हणाली, तुमच्याशी गाठ पडली की तोच उरतो.

निघायच्या वेळी दाराशी बाई माझ्या छातीवरच्या स्टिकरकडे बघत म्हणाल्या, "मला सांग, तुझ्या घरचे तुला खरंच पालेभाजीच्या नावाने हाक मारतात?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, "नाही. काळे."

"का-ले," त्या म्हणाल्या. ळ त्यांच्याकडे नाही, तो जगात फार ठिकाणी नाहीच. पण 'का' चोख आणि 'ले' चोख, पहिल्याच फटक्यात. त्यांनी पेन काढलं, माझ्या स्टिकरवरचं इंग्रजी नाव एका रेघेत खोडलं आणि त्याखाली दोन अक्षरं काढली. एक 'का'. एक 'ले'. इंग्रजीला माझं नाव लिहायला चार अक्षरं लागतात आणि तरीही ते चुकतं. इथे दोनच, अगदी मराठीसारखी. मी नागपूरच्या शाळेत पाटीवर काढली होती तेवढीच. माझे डोळे भरले, आणि ते मी उन्हावर ढकललं.

"थांब, बघू," बाई म्हणाल्या. मशीनशी जाऊन त्यांनी ती दोन अक्षरं शोधायला टाकली. पडद्यावर आलं: असा शब्द सापडला नाही.

सगळे हसले. बाई सगळ्यांत जास्त. "आता बरोबर चालतंय," त्या म्हणाल्या.

तो स्टिकर आमच्या फ्रिजवर आहे. आमची मुलगी सुट्टीला आली की विचारते, "बाबा, व्हॉट डझ इट से?" तिला मराठीही वाचता येत नाही. ही आमची चूक, आणि ती एका शब्दाने दुरुस्त होणारी नाही. मी तिला दोन्ही लिप्यांत ती दोन अक्षरं काढून दाखवतो. ती चेरोकीतली आधी ओळखते.

ती अक्षरं इथेही देतो: ᎧᎴ. केतकीला सांगून ठेवलंय, छापताना दोन चौकोन आले तर मला फोन कर, मी येईन. वाचकांना चौकोनच दिसत असतील तर त्यांनी ते कुठेही गोंदवून घेऊ नयेत.

परत आल्यावर महिनाभर बाईंचा काही निरोप नव्हता. मला जरा लागलं. मग एक दिवस काहीतरी शोधताना जंक उघडलं, आणि त्यांचा मेल तिथे तीन आठवडे पडून होता, वर पहारेकऱ्याचा लाल शेरा, 'संशयास्पद'. त्यांनी मला शब्दकोशाची माझी स्वतःची कॉपी पाठवली होती. शोधायला सांगितलं होतं ते मी शोधलं, लहान अक्षरांत. सापडलं.

'ᎧᎴ. नाम. स्वतःची चूक सांगायला विमानाने येणारा माणूस.'

खाली बारीक टीप होती: 'ही नोंद फक्त तुझ्या कॉपीत आहे. खऱ्या शब्दकोशात असा शब्द नाही.'